लाकडासाठी रबर लावताना जात कशी निवडावी: कोकणातल्या बागायतदारासाठी सविस्तर माहिती

रबराची बाग लावायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न चिकाचा असतो. कुठली जात जास्त चीक देते? रोपवाटिकेतलं रोपही याच प्रश्नाच्या उत्तरावर विकलं जातं. पण पंचवीस-तीस वर्षांनी बाग काढायची वेळ येते तेव्हा एकरकमी हातात पडतो तो लाकडाचा पैसा. ते लाकूड किती निघणार आणि कसलं निघणार, यातलं बरंचसं रोप लावतानाच ठरून गेलेलं असतं. दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यात केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबर रुजवलं, त्यांचं पाहून स्थानिक शेतकऱ्यांनीही लावलं. गोव्यातही बागा आहेत. नव्याने लावणाऱ्यांनी आणि जुनी बाग काढून पुन्हा लावणाऱ्यांनी लाकडाचा हिशेब सुरुवातीलाच करावा, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितो आहे.

रबराचं लाकूड फिकट, साय रंगाचं असतं. सुकल्यावर त्याचं वजन घनमीटरला साधारण ५६० ते ६४० किलो भरतं. ते फारसं आकसत नाही, रंध्याखाली चांगलं चालतं आणि पॉलिशही छान घेतं. त्यामुळे फर्निचर, जोडफळ्या, प्लायवूड, पॅकिंगच्या पेट्या असा त्याला सगळीकडे उठाव आहे. केरळात पेरुंबावूरच्या आसपासचा प्लायवूड उद्योग मुख्यतः याच लाकडावर उभा आहे.

आधी तोडणीचं ठरवा, मग जातीचं

दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. पहिली, ही जमीन तुम्हाला तोडणीसाठी मोकळी मिळणार आहे का? दोडामार्ग तालुक्यातल्या वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अंतरिम मनाई केली. सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघांचा आणि हत्तींचा येण्याजाण्याचा मार्ग आहे, आणि हा विषय त्यानंतरही न्यायालयात आणि सरकारदरबारी चालूच राहिला. तेव्हा आपल्या गटाची आजची स्थिती तहसील आणि वनखात्याकडे लेखी विचारून घ्या. जे झाड तोडता येणार नाही त्याच्या लाकडाचा हिशेब करून काही उपयोग नाही. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: उभं रान तोडून रबर लावू नका. म्हातारी झालेली काजूची बाग, पडीक वरकस, काढायला आलेली जुनी रबराची बाग, एवढी जमीन आपल्याकडे आहे. देवराईच्या कडेचा दोनशे वर्षांचा ऐन आणि किंजळ तोडून तिथे एका जातीचं झाड लावणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तोडणीचं वय. आपल्याकडे चीक आणि लाकूड दोन्ही घ्यायचं तर बाग पंचवीस-तीस वर्षं ठेवतात. मलेशियाने २००५-०६ च्या सुमारास सरकारी वनलागवडीत रबर घेतलं ते मात्र पंधरा वर्षांच्या फेऱ्यासाठी, आणि त्याकरता झपाट्याने वाढणाऱ्या खास जाती निवडल्या. आपल्याकडे पंधराव्या वर्षी बाग पाडण्यात मला फायदा दिसत नाही. सातव्या-आठव्या वर्षी टॅपिंग, म्हणजे साल कापून चीक काढणं, सुरू होतं (कोकणात बऱ्याचदा त्याहूनही उशिरा), त्यामुळे चिकाची चांगली वर्षं हातची जातात. शिवाय लहान वयात पाडलेल्या झाडात गाभ्याजवळचं कोवळं लाकूड जास्त असतं. पुढचं सगळं विवेचन पंचवीस वर्षांच्या आसपासची तोडणी धरून केलं आहे.

लाकूड कशात असतं, ते मोजायला शिका

खोडाचं घनफळ काढायला मधल्या उंचीवरचा घेर मीटरमध्ये घ्या. त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि १२.५७ ने भागा. एक मीटर घेराचं तीन मीटर खोड असेल तर घनफळ ०.२४ घनमीटर, म्हणजे साधारण साडेआठ घनफूट येतं. तेवढ्याच लांबीच्या पण ८० सेंटिमीटर घेराच्या खोडाचं घनफळ जेमतेम ०.१५ घनमीटर भरतं. घेर पाव पटीने वाढला की लाकूड दीड पटीहून जास्त वाढतं. म्हणून लाकडासाठी जात निवडताना सगळ्यात आधी घेर पाहायचा.

लाकूड घनफुटात विकायचं असेल तर मोजणीची पद्धत आधी विचारून घ्या. चौथाई घेराच्या जुन्या पद्धतीने (घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी) याच एक मीटर घेराच्या खोडाचं माप सुमारे ६.६ घनफूट येतं. खऱ्या घनफळापेक्षा ते एकवीस-बावीस टक्क्यांनी कमी आहे. पद्धत चुकीची नाही, पण दर कुठल्या मापाचा सांगितला आहे हे कळायला हवं. केरळात वजनावरही विक्री होते. तिथे ओलं लाकूड लगेच वजनकाट्यावर जाणं तुमच्या फायद्याचं.

घेराच्या जोडीला आणखी चार गोष्टी पाहाव्यात. फांद्या फुटण्याआधीचं सरळ खोड किती उंच आहे? खोड दंडगोल आहे की वर निमुळतं होत जातं? (डोळा भरलेली कलमं बहुतेक दंडगोल वाढतात, बियांपासूनची झाडं बुंध्याशी जाड आणि वर बारीक.) झाड झुकतं का? झुकलेल्या खोडात एका बाजूला ताण पडतो. तिथलं लाकूड कापताना तंतू उठतात आणि सुकताना फळी पिळते. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: तोडणीपर्यंत हेक्टरी किती झाडं उभी राहतात?

याचा हिशेब सोपा आहे. समजा एका जातीचं झाड सरासरी ०.२४ घनमीटरचं आहे, पण वारा आणि रोग यांतून हेक्टरी २६० झाडंच उरली. खोडाचं लाकूड झालं ६२ घनमीटर. दुसऱ्या जातीचं झाड ०.१९ घनमीटरचंच आहे, पण ३४० झाडं उभी आहेत. इथे ६५ घनमीटर मिळालं. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण कोकणच्या वाऱ्यात हा प्रकार प्रत्यक्ष घडतो. फांद्यांचं लाकूड यात धरलेलं नाही. त्याला दर कमी मिळतो, तरी एकूण लाकडात त्याचा वाटा मोठा असतो.

आपला पाऊस केरळसारखा नाही

जातींची शिफारस वाचताना हा फरक सतत डोक्यात ठेवा. कोट्टायमच्या परिसरात पाऊस दोन हंगामांत पडतो आणि उन्हाळ्यातही सरी येतात. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडत असला तरी जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पुढचे सात-आठ महिने झाड जमिनीतल्या ओलीवर जगतं. त्यामुळे केरळात सातव्या वर्षी टॅपिंगला आलेली जात इथे रेंगाळू शकते. टॅपिंगला आली कधी म्हणायची? कलमाच्या जोडापासून १२५ सेंटिमीटरवर घेर ५० सेंटिमीटर झाला आणि बागेतली साधारण सत्तर टक्के झाडं त्या मापाला पोचली, तेव्हा.

उत्तर कोकणातला ताण आणखी तीव्र आहे. केंद्र सरकारच्या रबर बोर्डाच्या संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र पालघर जिल्ह्यात दापचरीला आहे, आणि ते मुद्दाम अशा कोरड्या, तापणाऱ्या हवामानात जाती कशा टिकतात ते पाहण्यासाठीच उभारलं. आपल्या दृष्टीने तिथली निरीक्षणं कोट्टायमच्या आकड्यांपेक्षा जास्त मोलाची आहेत.

जमिनीबद्दल थोडक्यात: किमान एक मीटर खोल माती हवी. कातळावर अर्ध्या हाताची माती असेल तर कुठलीही जात लावा, घेर भरणार नाही आणि वादळात झाड मुळासकट आडवं होईल. चार ठिकाणी खड्डा खणून बघा, म्हणजे जांभा कुठे लागतो ते कळेल.

जाती, एकेक करून

जातीच्या नावापुढची अक्षरं ती कुठून आली ते सांगतात. आरआरआयआय म्हणजे आपली कोट्टायमची संशोधन संस्था, आरआरआयएम म्हणजे मलेशियाची, आणि पीबी म्हणजे मलेशियातला प्रांग बेसार मळा. आज त्या मळ्याच्या जागी पुत्राजाया ही मलेशियाची प्रशासकीय राजधानी उभी आहे.

आरआरआयआय १०५ ही १९८० मध्ये प्रसारित झालेली, देशात सगळ्यात जास्त पसरलेली जात. चिकाला उत्तम. खोड उंच आणि सरळ, फांद्यांचा जोडही मजबूत. मात्र घेराची वाढ मध्यम आहे, टॅपिंगचा ताण जास्त झाला तर साल कोरडी पडण्याचा त्रास मोठा, आणि पिंक रोगाला (फांद्यांच्या बेचक्यातली गुलाबी बुरशी) ही जात लवकर बळी पडते. दक्षिण कन्नडमध्ये १९९० च्या दशकात कोरीनेस्पोरा या पानगळीच्या रोगानेही हिला झोडपलं. निव्वळ चिकासाठी हिचा विचार करा. लाकूडही हवं असेल तर सगळी बाग हिच्यावर सोडू नका.

आरआरआयआय ४१४ आणि ४३० या १०५ आणि श्रीलंकेच्या आरआरआयसी १०० यांच्या संकरातून निघाल्या. चीक १०५ च्या तोडीचा किंवा जास्त, आणि वाढ तिच्याहून जोमदार. दोन्ही हेतू असणाऱ्या कोकणातल्या बागायतदाराने माझ्या मते ४३० पासून सुरुवात करावी, कारण ती पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसते. ४१४ चा घेर पटकन भरतो. ओलावा टिकवणाऱ्या, खोल मातीच्या उतारावर ती शोभते. याच संकरातल्या ४१७, ४२२ आणि ४२९ या भावंडांचाही विचार करता येतो. त्यातली ४२९ वाढीला विशेष जोरकस आहे.

आरआरआयएम ६०० ही जुनी मलेशियन जात. लहानपणी किडकिडीत दिसते म्हणून लोक नाक मुरडतात, पण खोड उंच, सरळ जातं आणि कोरड्या हवामानात ती तग धरते. ईशान्य भारतातही ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. पावसाळ्यात फायटोफ्थोरा या रोगाने होणारी पानगळ हा तिचा मोठा दोष. आंबोलीच्या पायथ्यासारख्या अतिपावसाच्या पट्ट्यात ती लावायची तर पावसाआधी फवारणी धरूनच चाला.

आरआरआयआय २०८ चीक आणि वाढ दोन्हींत समाधानकारक आहे आणि ताणाच्या प्रदेशांत १०५ पेक्षा सरस ठरली आहे. उत्तर कोकणात लावणाऱ्याने तिच्याकडे नक्की बघावं. आरआरआयआय २०३ आणि ११८ या जोमदार वाढीच्या जाती आहेत. ११८ चिकाला कमी पडते. ज्याला टॅपर मिळणं कठीण आहे, जो मुंबई-पुण्यात नोकरी करून गावची जमीन सांभाळतो, त्याच्यासाठी मात्र हा दोष तितका बोचरा नाही. आज कोकणात टॅपरचा तुटवडा हा खरा प्रश्न आहे. निम्मे दिवस टॅपिंग होणारच नसेल तर चिकाच्या जातीचा हट्ट कशाला?

पीबी २६० मलेशियात चीक-लाकूड अशा दुहेरी उपयोगासाठी गाजली. घेर चांगला, खोड सरळ. जास्त टॅपिंग मात्र सोसत नाही. पीबी २३५ चं खोड बघितलं की मोह होतो: उंच, गोल, गुळगुळीत, भराभर वाढणारं. थायलंडने तिला चीक-लाकूड गटात ठेवलं होतं. पण ती वाऱ्याला कच्ची आहे आणि नव्या पालवीवर भुरी पटकन येते. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनारपट्टीवरच्या बागांची काय दशा केली ते आपण पाहिलं आहे. पश्चिमेला उघड्या उतारावर पीबी २३५ मी लावणार नाही. डोंगराच्या आडोशाला, पूर्वेकडच्या खोऱ्यात एखादा तुकडा लावून बघायला हरकत नाही.

मलेशियाच्या आरआरआयएम २००० मालिकेतल्या आणि इंडोनेशियाच्या आयआरआर मालिकेतल्या लाकडाच्या जातींबद्दल इंटरनेटवर भरपूर वाचायला मिळतं. त्यांची वाढ खरोखरच मोठी आहे. पण बॅगेत घालून आणलेल्या काड्या किंवा कुणी ऑनलाइन विकलेली 'मलेशियन टिंबर' रोपं घेऊ नका. एक तर ती त्याच जातीची आहेत याचा काही पुरावा नसतो. शिवाय दक्षिण अमेरिकेतला पानांचा करपा आशियात अजून पोचलेला नाही आणि तो रोखायचा असेल तर विलगीकरणाशिवाय कलमं इकडेतिकडे नेता कामा नयेत. सगळ्या देशाच्या रबराशी हा खेळ होतो.

वयस्क बाग शोधा, टेप घेऊन जा

शिफारशीची यादी रबर बोर्डाकडून ताजी घ्या, ती वेळोवेळी बदलते. तिच्यातल्या तीन-चार जाती निवडल्यावर आपल्या गावापासून जवळ, आपल्यासारख्याच उतारावर त्या जातीची पंधरा-वीस वर्षांची बाग शोधा. मालकाची परवानगी घेऊन एका ओळीत चाला आणि दर तिसरं झाड मोजा. चांगली झाडं निवडून मोजलीत तर आकड्याचा काही उपयोग नाही. प्रत्येक झाडाचा घेर, पहिल्या फांदीची उंची, झुकाव, टॅपिंगच्या भागावरच्या गाठी, सगळं वहीत लिहा. पंचवीस-तीस झाडं पुरतात. मग त्याच ओळीतल्या रिकाम्या जागा मोजा. वारा, रोग आणि म्हशी यांनी काय नेलं ते या रिकाम्या जागा सांगतात.

मालकाला एक प्रश्न जरूर विचारा: टॅपिंग सुरू झाल्यावर घेर वाढायचा थांबला का? चीक काढला की प्रत्येक झाडाची वाढ मंदावते, पण काही जाती जवळजवळ थांबतात. लाकडासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो रोपवाटिकेच्या पत्रकात सापडत नाही.

एकच जात सगळीकडे लावू नका

निम्म्याहून जास्त क्षेत्र एका जातीला देऊ नका. दोन हेक्टर असेल तर मला अशी विभागणी बरी वाटते: खोल मातीच्या भागात ४१४, कोरड्या माथ्याकडे ४३० किंवा ६००, आणि कडेला एखादा तुकडा २०३ सारख्या जोमदार जातीचा. पण जाती ओळीओळीत मिसळू नका. जोरात वाढणारी जात शेजारणीला सावलीत दाबते, टॅपिंगचं वेळापत्रक बिघडतं, आणि लाकूड विकताना व्यापारी सगळ्याला हलका दर लावतो. सलग तुकडे करा आणि नकाशावर नावं लिहून ठेवा.

अंतर उतारावर ६.७ बाय ३.४ मीटर, सपाटीवर ४.९ बाय ४.९ मीटर ठेवतात. हेक्टरी चारशे वीस ते चारशे चाळीस झाडं बसतात. लाकडाच्या लोभाने दाटी केली तर खोडं उंच जातात खरी, पण घेर भरत नाही. आणि घेराचा हिशेब वर केलाच आहे.

रोप घेताना

जात कितीही विचार करून निवडली तरी पिशवीतलं रोप भलत्याच जातीचं निघालं तर सगळं वाया, आणि ते तुम्हाला सात वर्षांनी कळणार. रबर बोर्डाच्या मान्यतेच्या रोपवाटिकेतूनच घ्या. पावतीवर जातीचं नाव आणि क्रमांक लिहून मागा. डोळ्यांच्या काड्या कुठल्या मातृबागेतून आल्या ते विचारा, जमलं तर ती बाग जाऊन बघा.

रोप हातात घेऊन पाहा. खुंट आणि कलमाचा जोड पूर्ण भरलेला असावा. जोडाखालून फुटलेला कोंब खुंटाचा असतो, तो तिथेच खुडायला सांगा. पानांचे दोन-तीन मजले हवेत आणि सगळ्यात वरचा मजला कडक, गडद हिरवा झालेला हवा. तांबूस, लोंबत्या पानांचं रोप त्या दिवशी उचलू नका, प्रवासातच मान टाकतं. शंभर रोपं घेत असाल तर एकाची पिशवी फाडून मूळ पाहा. सोटमूळ तळाशी वळसा घालून बसलं असेल तर ते झाड पुढे वाऱ्यात उभं राहणार नाही. एकाच जातीच्या रोपांची पानं सारखीच दिसतात. मधेच वेगळ्या ठेवणीची पानं दिसली तर ती रोपं बाजूला काढा.

लागवड जून-जुलैत पाऊस बसल्यावर करा. मेलेल्या रोपांच्या जागी दुसऱ्या वर्षापर्यंत त्याच जातीची रोपं लावा. त्यानंतर लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत कायम मागेच राहतं.

खोड बिघडू न देणं

पहिल्या तीन वर्षांत अडीच ते तीन मीटर उंचीपर्यंतचे बाजूचे कोंब हिरवे असतानाच धारदार चाकूने खोडालगत काढा. जाड झाल्यावर तोडले तर लाकडात गाठ राहते. ऑक्टोबर संपता संपता कोवळ्या खोडांना चुना फासा, कारण कोकणातलं दुपारचं ऊन नैऋत्येकडची साल भाजून काढतं आणि तिथून बुरशी आत शिरते. पिंक रोग मुख्य फांद्यांच्या बेचक्यात येतो. पावसात तिथे गुलाबी थर आणि चिकाचे ओघळ दिसले की लगेच खरवडून दहा टक्के बोर्डो मलम लावा. उशीर झाला तर शेंडाच मरतो आणि सरळ खोडाचं दुबेळकं होतं. तिसऱ्या ते बाराव्या वर्षापर्यंत पावसाळ्यात दर आठवड्याला बागेतून फेरी हवी.

टॅपिंगचं एवढंच सांगतो: खोडाचा खालचा सव्वा मीटर भाग सगळ्यात जाड, म्हणजे सगळ्यात किमती. टॅपरची सुरी लाकडाला लागली की तिथे गाठ उठते आणि तेवढी फळी नाकारली जाते. घाई करणाऱ्या टॅपरपेक्षा सावकाश, पातळ साल काढणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या.

तोडणीचा करार

कुठलीही जात निवडली तरी रबराच्या लाकडात पिष्ट (स्टार्च) भरपूर असतं. तोडल्यावर दोन दिवसांत त्यावर निळसर-काळी बुरशी चढू लागते आणि पाठोपाठ भुंगेरे पोखरतात. यावर जातीत उपाय नाही, प्रक्रियेत आहे: चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत चिराई होऊन बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया, मग भट्टीत सुकवणं. त्यामुळे प्रक्रिया करणारा कारखाना किती तासांवर आहे, यावर तुमच्या लाकडाला फर्निचरचा दर मिळेल की पॅकिंगचा, हे ठरतं. व्यापाऱ्याशी बोलताना मापाची पद्धत, किमान घेर, फांद्यांचा वेगळा दर, तोडणीनंतर किती तासांत ट्रक येणार आणि उशीर झाला तर नुकसान कुणाचं, हे सगळं लेखी करून घ्या. तोडणी जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान धरा. वळवाच्या पावसात डोंगरातला कच्चा रस्ता बंद पडला तर तोडलेला माल बागेतच काळा पडतो.